सिद्धेश्वर मंदिराच्या एचडीआरमध्ये शिखराभोवती पांढरी कड येते, उपाय काय?

तळ्याकाठी:
नमस्कार मंडळी. तळ्याच्या काठावरून, सूर्य समोर असताना, सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराचा एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून केलेला एक फोटो) करायचा आहे. सध्याची पद्धत अशी: कॅमेरा हातात, एफ 8, आयएसओ ऑटो, जेपेग, तीन फोटो (उणे 1, 0, अधिक 1 स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फोटोमॅटिक्स या एचडीआर सॉफ्टवेअरमध्ये डिटेल्स एन्हान्सर ही पद्धत, स्ट्रेंग्थ 100. शिखराभोवती पांढरी कड दिसते, आकाश राखाडी-मळकट होतं आणि चालणारे भाविक दोन-दोनदा उमटतात. सेटिंग बदलायचं की लाइटरूम घ्यायचं?

कडकभाकरी:
सॉफ्टवेअर नंतर बघू, आधी फोटो नीट घ्या. सूर्य समोर असताना उणे-अधिक 1 फार तोकडं पडतं. आकाश सगळ्यात गडद फोटोतही जळालेलं (नुसतं पांढरं) राहतं. जिथं माहितीच नाही तिथं सॉफ्टवेअर पांढऱ्याला दाबून राखाडी करतं, मळकटपणा बराचसा तिथूनच येतो.

ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ 100. अ‍ॅपर्चर एफ 8 वरून हलवायचं नाही, नाहीतर प्रत्येक फोटोची डेप्थ वेगळी येते. फक्त शटर बदला: 1/1000, 1/250, 1/60, 1/15, 1/4. म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच फोटो. हे आकडे सुरुवातीपुरते, खरा निर्णय हिस्टोग्रामवर (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख). सर्वात गडद फोटोत सूर्याची तबकडी सोडून उजव्या कडेला काही चिकटलेलं नको. सर्वात उजळ फोटोत मंदिराची सावलीतली बाजू डाव्या कडेपासून सुटलेली हवी. हे दोन जमले की मधले आपोआप जमतात.

आयएसओ ऑटो बंदच ठेवा, काही कॅमेरे ब्रॅकेटिंगमध्ये (उजेड बदलत ओळीनं फोटो घेताना) शटरऐवजी आयएसओ वाढवतात आणि सावलीत दाणे येतात. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका, व्हाइट बॅलन्स एकच. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, 2 सेकंदांचा टायमर.

उत्तर_कसबा:
कडकभाकरींशी सहमत. पण पांढरी कड मात्र टोन मॅपिंगचीच (जोडलेल्या फोटोतला उजेडाचा फरक पडद्यावर मावेल इतका दाबणं) देणगी आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूचा उजेड त्याच्या आजूबाजूच्या भागाशी ताडून ठरवतं. शिखराला लागून असलेल्या आकाशाच्या शेजारात गडद शिखरही येतं, त्यामुळे तेवढी पट्टी जास्त उजळते. थोडं लांबचं आकाश दबलेलं असतं, म्हणून कड उठून दिसते.

स्ट्रेंग्थ 40-50 वर आणा. स्मूथ हायलाइट्स हळूहळू वाढवा, उजळ पार्श्वभूमीवरची कड आणि राखाडी आकाश दोन्हींवर तोच स्लायडर कामाचा. एवढ्यानं भागलं नाही तर डिटेल्स एन्हान्सर सोडून एक्स्पोजर फ्यूजन (प्रत्येक फोटोतले नीट उजळलेले भाग थेट मिसळणं) वापरा. बारकावे जरा कमी खुलतात, पण कड फारशी येत नाही. अशा दृश्याला माझं मत फ्यूजनलाच.

माणसांसाठी सिलेक्टिव्ह डीघोस्टिंग (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी आकृत्या काढणं): भाविकांभोवती रेघ ओढा आणि तेवढ्या भागासाठी एकच फोटो निवडा, शक्यतो 1/60 चा. 1/4 चा निवडलात तर माणसं पुसट येणार.

लाइटरूममध्येही काम होतं. पाचही रॉ निवडून कंट्रोल-एच (एचडीआर मर्ज). डीघोस्ट आधी लो ठेवा, ओव्हरले चालू करून कुठला भाग धरलाय ते पाहा. हाय लावलं की लाटांवर ठिगळं दिसतात, कारण तेवढं पाणी एकाच फोटोतून येतं. बनलेल्या डीएनजी फाइलीत एक्स्पोजरचा स्लायडर उणे-अधिक 10 पर्यंत जातो, नेहमीच्या 5 ऐवजी. हायलाइट्स खाली, शॅडोज वर, क्लॅरिटी 15 च्या आत. क्लॅरिटी जास्त ओढलीत तर तीच कड परत येते.

तळ्याकाठी:
धन्यवाद! ट्रायपॉड लावता आला नाही तर?

कडकभाकरी:
मग तीनच फोटो, उणे-अधिक 2, वेगवान बर्स्टवर. स्टॅबिलायझेशन चालू. सर्वात संथ शटर 1/60 च्या खाली नको, त्यासाठी आयएसओ 400 केला तरी चालेल. मर्ज करताना अलाइन चालू ठेवा आणि चारही बाजूंनी थोडी जागा सोडून फ्रेम करा, कडा कापल्या जातात.

गड्डा_यात्रा:
एक गोष्ट राहिली. पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी थोडं गडद असतं. टोन मॅपिंगनंतर बऱ्याचदा उलटं होतं, आकाश दबतं आणि तळं चमकतं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण फोटो खोटा वाटतो. पाण्यावर ग्रॅज्युएटेड मास्क टाकून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप उतरवा.

आणि संक्रांतीला नंदीध्वजांच्या (उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत ब्रॅकेटिंगच्या भानगडीत पडू नका. काठ्या, माणसं, दिवे सगळंच हलतं. एकच रॉ घ्या, दिवे जळणार नाहीत इतपत गडद, आणि शॅडोज दोन स्टॉपपर्यंत उचला. त्यापुढे दाणे दिसायला लागतात.