बाळाची खोली कमी खर्चात करायचीय, मदतीला माणसं भरपूर आहेत (तोच प्रॉब्लेम आहे)

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी, सातवा महिना चालू आहे. घरात एक छोटी खोली आहे जी आत्तापर्यंत अडगळीचीच होती, इस्त्रीचं टेबल, बंद पडलेला कॉम्प्युटर, शिफ्टिंगनंतर कधी उघडलेच नाहीत असे खोके वगैरे. ती रिकामी करून बाळाची खोली करायचं ठरलंय. बजेट अगदी बेताचं आहे, पुढे सुट्टीत माझा पगार निम्म्यावर येणार, त्यामुळे हात राखूनच खर्च करायचाय. नेटवरचे ते पांढऱ्या स्वच्छ खोल्यांचे फोटो बघून आधी छान वाटायचं, आता धडकी भरते.

मदतीला माणसं आहेत आणि सगळी मनापासून करतायत. भाऊ रंग द्यायला तयार आहे, जाऊबाई त्यांच्या मुलाचा कॉट देतायत, आत्याचा शिवणकामात हात धरणारं कोणी नाही, तिने कॉटला आतून चारी बाजूंनी लावायची मऊ झालर शिवायला घेतली सुद्धा. मैत्रिणी रोज विचारतात काय आणू. पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळीच खोली आहे हो! भावाला भिंतभर जंगल काढायचंय, सासूबाई म्हणतात फिका पिवळाच हवा, एका मैत्रिणीने माझ्या उंचीचं अस्वल बघून ठेवलंय. मला कोणालाच तोंडावर नाही म्हणता येत नाही. नवरा म्हणतो तुला हवं ते कर, म्हणजे मदत शून्य.

तर पैसे कशावर घालायचे, कशावर अजिबात नाही, आणि ही सगळी प्रेमळ माणसं कामाला कशी लावायची? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

दोन_पिल्लं_एक_मी

अभिनंदन गं! आधी श्वास घे, तुझ्याकडे वाटतोय त्यापेक्षा खूप जास्त वेळ आहे. पहिले निदान सहा महिने बाळाला आईबाबांच्याच खोलीत झोपवावं, पण स्वतःच्या वेगळ्या कॉटमध्ये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांमध्ये आहे. म्हणजे ती अडगळीची खोली बाळ यायच्या आत फोटोसारखी झालीच पाहिजे असं काही नाही. सध्या तुमच्या बेडरूमचा एक कोपरा नीट कर आणि ती खोली कपडे, डायपर ठेवायला आणि दिवसा बाळाला घेऊन बसायला वापर. बाकीचं बाळ आल्यावर हळूहळू होतं, आणि तोपर्यंत कळलेलं असतं की आपल्याला नक्की काय लागतं. माझ्याकडे डायपर बदलायचं उंच टेबल होतं, त्यावर शेवटपर्यंत इस्त्रीचे कपडे ठेवले. डायपर जमिनीवर चटई टाकूनच बदलायचे, तिथून पोर पडायची भीती नाही.

पैसे घालायचे ते गादीवर. कडक, सपाट आणि कॉटमध्ये चपखल बसणारी, आणि जमलं तर नवीनच घे. दुसरा खर्च पडद्यांवर, दिवसा अंधार होईल असे. बस, बाकी सगळं उसनं, जुनं, घरचं चालतं. कपडे तर विकतच घेऊ नकोस, लोक पिशव्या भरभरून देतात.

अजून एक कर, फुकट आहे. जिथे बाळाला झोपवणार किंवा डायपर बदलणार तिथे स्वतः जमिनीवर उताणी पड आणि वर बघ (सातव्या महिन्यात जमत नसेल तर नवऱ्याला पाड, तेवढीच त्याची मदत). आमचा बल्ब बरोब्बर डोळ्यात येत होता. आपण भिंती सजवतो आणि बाळ बघत असतं छत! बल्ब बदलून मंद पिवळा लावला, एक छोटा दिवा खाली कोपऱ्यात ठेवला, रात्रीच्या फीडिंगला तोच कामी आला.

सुतारपक्षी

सजावटीतलं मला ओ की ठो कळत नाही पण जुना कॉट म्हटल्यावर राहवलं नाही. जाऊबाई देतायत हे उत्तमच, फक्त घेण्याआधी मोजपट्टी घेऊन बसा.

दोन गजांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, जास्त असली तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कॉटची कड यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी लहान आहे. कोपऱ्याचे खांब वर आलेले नकोत, कपडा अडकतो. सगळे स्क्रू घट्ट करून कॉट गदागदा हलवून बघा, कुरकुरला तर कुठून ते शोधा. एखादा भाग हरवलाय म्हणून सुतळीने किंवा टेपने बांधलेला असेल तर तो कॉट सरळ नाकारा. आणि एक बाजू खाली सरकणारा कॉट असेल तर तो घेऊच नका, अमेरिकेत २०११ पासून तसले कॉट विकायलाच बंदी आहे, कारण ती सरकणारी बाजू निसटून मुलं फटीत अडकायची.

रंगाचं म्हणाल तर घर किंवा फर्निचर खूप जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग कोरडा घासायचा नाही, धूळ उडते आणि ती तुमच्यासाठी आणि बाळासाठी दोघांसाठी वाईट. घासकामाच्या वेळी तुम्ही घरातच थांबू नका. भावाला सांगा पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग आण, आणि काम डिलिव्हरीच्या बरंच आधी उरक, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण जाईल.

कपाट, ड्रॉवरचं फर्निचर भिंतीला पट्टीने स्क्रू करून टाका. आत्ता वाटेल काय घाई आहे, पण पोरगं उभं राहायला लागलं की पहिला ड्रॉवर उघडून त्यावरच चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. भाऊ ड्रिल घेऊन आलाच आहे तर त्याच दिवशी हे करून घ्या, जंगल नंतर.

कोवळं_ऊन

बापरे, किती उपयोगी! जाऊबाईंकडे आत्ता फोन करून विचारलं, कॉटची एक बाजू खाली सरकते :( त्यांना मी कारण सांगितलं तर जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या बरं झालं विचारलंस. आता कॉट विकत घ्यावा लागणार, म्हणजे बजेटचं गणित परत पहिल्यापासून.

आणि आत्याच्या झालरीचं काय? तिने बदकांचं कापड आणलंय, अर्धी शिवून झालीय, फोटो पण पाठवला. ते चालतं ना?

सुईदोरा

नाही चालत, आणि हे मी स्वतः शिवणारी बाई म्हणून सांगतेय. झालर दिसते गोड पण बाळाचं तोंड त्यात दाबलं गेलं तर त्याला मान वळवता येत नाही, गुदमरण्याचा धोका असतो. अमेरिकेत तर २०२२ च्या कायद्याने तसल्या गादीवाल्या झालरींवर बंदीच घातली. कॉटमध्ये फक्त गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ. पाठीवर झोपवायचं. उशी नाही, गोधडी नाही, अस्वल तर नाहीच नाही. पहिलं वर्षभर तरी हेच.

पण अर्ध्या शिवलेल्या झालरीचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ती उसवून सगळे तुकडे सपाट जोडले की जमिनीवर टाकायची मस्त पातळ गादी होते. बाळ जागं असताना पोटावर पालथं घालायला रोज लागते ती, आणि तू समोर बसलेली असतेस त्यामुळे काळजी नाही. बदकं उलट तिथे जास्त दिसतील. त्यातूनच उरलं तर भिंतीवर अडकवायला कप्प्यांची पिशवी, त्यात डायपर, क्रीम, मोजे, सगळं हाताशी. पण ती कॉटपासून लांब, बाळाच्या हाताला येता कामा नये.

आत्याला आणखी काम द्यायचं तर कॉटच्या चादरी शिवायला सांग. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक, गादीच्या मापापेक्षा सैल अजिबात नको. निदान तीन-चार लागतात, कारण रात्री दोन वाजता दूध ओकलेली चादर धुवायला कोण जातंय. घरातल्या जुन्या मऊ सुती चादरी यासाठी नव्या कापडापेक्षा बऱ्या, धुऊन धुऊन आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. पडदे पण घरी होतात, आहेत त्याच पडद्यांना मागून गडद जाड कापडाचं अस्तर लाव. फक्त ओढायच्या दोऱ्या लोंबत्या ठेवू नकोस आणि कॉट खिडकीजवळ लावू नकोस.

आणि सांगताना थेट खरं कारण सांग. "आत्या, डॉक्टरांनी कॉटमध्ये काहीही मऊ ठेवायला मनाई केलीय, पण तुझ्या बदकांवर बाळ रोज खेळणार आहे." पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घे म्हणजे ते शब्दशः खरं होईल.

उगाच_एक_शंका

सगळे बरोबर बोलतायत पण धाग्यात जरा जास्तच धोके धोके झालंय, पोरीने खोली सजवायची विचारलीय हो :)

मला @दोन_पिल्लं यांचं सहा महिन्यांचं पटतं, पण म्हणून खोली पुढे ढकलायची हे नाही पटत. आत्ता माणसं उत्साहात आहेत, बाळ आल्यावर जो येईल तो बाळाला घ्यायला येईल, रंगाचा ब्रश घ्यायला कोणी येणार नाही आणि तुमच्यात तर उभं राहायचं त्राण नसेल. त्यामुळे भिंत, पडदे, कपाट, ड्रिल, असली घाम गाळायची कामं आत्ताच काढून घ्या. चित्रं, शेल्फ, शोभेचं नंतर.

माणसं सांभाळायचं म्हणाल तर "काय आणू"ला कधीही "काही नको गं" म्हणायचं नाही. काही नको म्हटलं की अस्वल येतं. नेमकी वस्तू सांगायची, आणि आता कॉट घ्यायचाच आहे तर मैत्रिणींना सरळ सांगा की सगळ्यांनी मिळून कॉट नाहीतर गादी द्या. संकोच वाटत असेल तर तुम्ही बोलू नका, एका मैत्रिणीला पुढे करा, ती बाकीच्यांना बरोबर सांगते. माझ्या बहिणीच्या वेळी हे काम मी केलं होतं आणि खरं सांगतो, सगळे सुटल्यासारखे झाले, कारण काय द्यावं हे कोणालाच सुचत नसतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून वेळ मागा. मला स्वतःला कोणी भेटवस्तूऐवजी "शनिवारी येऊन ते खोके उपस" म्हटलं तर जास्त आवडेल.

रंगाचं भांडण मात्र मतदानाला टाकू नका. तुम्ही आणि नवरा दोन रंग ठरवा आणि मग सासूबाईंना "यातला कोणता" विचारा. म्हणजे निवड त्यांची पण झाली आणि तुमची पण. फिका पिवळा त्या दोनात आधीच घालून ठेवा, काय बिघडतंय. भावाचं जंगल एकाच भिंतीवर, तेही कमरेपर्यंत, गवत आणि पानं एवढंच. रंग निम्मा लागतो, आणि खालचा भाग धुता येणाऱ्या रंगात केला की पुढे क्रेयॉनच्या वयात वाचाल.

घरात लहान भाचे-पुतणे असतील तर त्यांना काम द्यायला विसरू नका. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, आणि ठळक काळं-पांढरं त्याला सगळ्यात आधी लक्षात येतं. पांढऱ्या कार्डशीटवर जाड काळ्या मार्करने पट्टे, चौकटी, गोल काढायचे, झालं. बहिणीकडे माझ्या पुतणीने जीभ बाहेर काढून तासभर एकच झेब्रा काढला होता, पट्टे झेब्र्याच्या बाहेर गेले, शेपटीलाच पाय फुटले. विकतच्या कार्डांच्या पाकिटाकडे बाळ बघायचं नाही, या झेब्र्याकडे टक लावून बघायचं. (झेब्रा चांगला होता म्हणून नाही, पट्टे जाड होते म्हणून. पुतणीला हे सांगितलेलं नाही.) फक्त कार्ड हातात धरून दाखवायचं, कॉटमध्ये ठेवायचं नाही, नाहीतर परत @सुईदोरा ओरडतील.

सुईदोरा

ओरडणारच. आणि कॉटवर काही टांगणार असाल तर तेही ऐका, बाळ हात-गुडघ्यांवर उठायला लागायच्या आत ते काढून टाकायचं. फ्रेम, शेल्फ, घड्याळ, कॉटच्या वरच्या भिंतीला काहीही जड नको.

कोवळं_ऊन

तुम्ही सगळे भारी आहात. एका मैत्रिणीला खाजगीत विचारलं, तर ती म्हणाली आम्ही वाटच बघत होतो तू काहीतरी सांगशील म्हणून, कॉट त्या सगळ्या मिळून देतायत! अस्वल रद्द. आत्याला फोन केला, ती आधी म्हणाली "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", मग दहा मिनिटांत परत तिचाच फोन, गादीची लांबी-रुंदी किती म्हणून. सासूबाईंपुढे पिवळा आणि फिका हिरवा ठेवला, त्यांनी हिरवा निवडला!! नवरा अजून हसतोय.

शेवटचा प्रश्न, @सुतारपक्षी. घरात आधीच्या रंगकामाचे उरलेले डबे आहेत, पांढरा बराच आहे आणि हिरवा थोडासा. मिसळून वापरले तर चालतील का? आणि भावाला पानांचे स्टिकर पण लावायचेत, ते कधी लावायचे?

सुतारपक्षी

दोन्ही डबे पाण्यातल्या रंगाचे असतील तरच मिसळा, ऑइल पेंट असेल तर बाजूला ठेवा. झाकण उघडून वास घ्या, कुजका, आंबट वास आला तर फेकायचा. वर साय धरली असेल तर ती काढून टाका, ढवळून गुठळ्या मोडत नसतील तर तोही गेला. चांगला असेल तर जुन्या पातळ कापडातून गाळून घ्या. सगळा रंग एकाच बादलीत एकदम मिसळा, अर्ध्या भिंतीवर संपला तर तीच छटा परत जमत नाही. पांढऱ्यात हिरवा घालत जायचा, हिरव्यात पांढरा नाही, आणि कार्डबोर्डवर हात मारून सुकू द्या, सुकल्यावर रंग बदलतो. सासूबाईंना सुकलेला तुकडा दाखवा, ओला नको.

स्टिकर रंगकामानंतर तीन-चार आठवडे थांबून. हाताला सुकल्यासारखा वाटतो पण आतून पक्का झालेला नसतो, घाईत लावले तर काढताना रंगाचे पोपडे घेऊन येतात. आणि जिथे कॉट येणार ती भिंत सोडून लावा, मुलं नखाने उचकटून तोंडात घालतात. मास्किंग टेप मात्र रंग अर्धवट ओला असतानाच ओढा, म्हणजे कड सरळ येते.