जर्मनी की लातूर? पगार सोडून रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

औसा_तालुका:
नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, लातूरला एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे, पगार नाईट धरून २२ हजार. बायको, तीन वर्षांची पोरगी, गावाकडं आईवडील अन् थोडी कोरडवाहू. २०२४ ला आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत तिकडं कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून जिकडं तिकडं जर्मनीचंच बोलायलेत, आमच्या वॉर्डातले दोघं तर भाषेचा क्लास करायलेत. पगाराचे आकडे सगळेच सांगतात पण तिथं घर कसं चालतं, लेकराचं कसं होतं, आजारी पडलं तर काय, हे कुणी सांगत नाही. मानव विकास निर्देशांकाच्या २०२५ च्या अहवालात जर्मनी ५ वा अन् भारत १३० वा हे वाचलं, पण त्यातलं माझ्या घराच्या वाट्याला काय येणार? जे तिथं राहायलेत त्यांनी सविस्तर लिहा.

परभणीकर_स्टुटगार्ट:
दादा, पहिले युरोला शंभरनं गुणायचं बंद करा, कारण कमवायचं बी तिथंच अन् खर्चायचं बी तिथंच. वृद्धसेवेत काम करणाऱ्या शिकलेल्या नर्सला जुलै २०२५ च्या दरानं तासाला कमीत कमी २०.५० युरो द्यावेच लागायचे, म्हणजे फुल टाइमला महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास ग्रॉस, म्हणजे कपातीच्या आधी. टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा कापून हातात साधारण २३००-२४००, बायको सोबत असली अन् कमवत नसली तर टॅक्सचा वर्ग बदलतो, जरा जास्त पडतात. पण हे तुमच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळाल्यावर, तोपर्यंत मदतनीसाचा दर, तो तेव्हा १६.१० होता. स्टुटगार्टला दोन खोल्यांचं भाडं सहज हजाराच्या वर जातं, डिपॉझिट तीन भाड्यांपर्यंत, आणि बऱ्याच घरांत किचनच नसतं, ओटा सिंक शेगडी सगळं आपणच बसवायचं.

आता मिळतं काय ते सांगतो, कारण मी त्याच्यासाठीच टिकून आहे. आजारी पडलो तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, त्यानंतर विमा कंपनीकडून पगाराचा मोठा हिस्सा चालू राहतो. माझ्याच विम्यात बायको (ती कमवत नसली तर) अन् लेकरं जादा पैसे न भरता बसतात. लेकरामागं सरकार महिन्याला पैसे देतं, २०२५ ला २५५ युरो होते. नळाचं पाणी तसंच प्यायचं. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला हे काय असतं ते वेगळं सांगायची गरज नाही. आपल्याकडं एक मोठं ऑपरेशन निघालं की माणूस रान विकायला काढतो, ती धास्ती इथं नाही. माझ्यासाठी राहणीमान म्हणजे हेच.

नांदेडची_ताई:
भाऊ, सगळं खरं, पण तुम्ही बायकोला विचारलंत का? माझी बहीण तिकडं मिस्टरांसोबत गेली. मिस्टर ड्युटीवर भाषा शिकले, ही घरात. बालवाडीत जागा मिळायला खूप वाट बघावी लागली, जागा नाही म्हणजे लेकरू घरी, लेकरू घरी म्हणजे हिला क्लासला जाता येईना, असं ते चक्र. डिसेंबरात साडेचारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद, शेजारी फक्त हॅलो म्हणणार. इथं ती वाड्यात दहा बायकांत वाढलेली. आणि डॉक्टरचं म्हणाल तर खर्च नाही हे बरोबर, पण स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट कधी कधी दोन-तीन महिन्यांनी मिळते. लातूर-नांदेडला पैसे टाकले की त्याच दिवशी एमआरआय होतो, ज्याच्याकडं टाकायला आहेत त्याचा. आता ती नोकरी करते, खूश आहे, रात्री दहाला एकटी बसनं घरी येते अन् मला इकडं काळजी वाटत नाही. पण आधीची वर्षं तिनं रडून काढलीत, ती कुणी मोजत नाही.

रानमाणूस:
आईवडिलांचं बघा पहिले. २०२४ पासून कुशल कामगाराला आईवडील न्यायची वाट कायद्यात केलीय, पण त्यांचा आरोग्य विमा तुम्हालाच दाखवावा लागतो अन् त्या वयात नवीन विमा मिळणं लई अवघड आणि महाग. म्हणजे बहुतेकांचे आईवडील इथंच राहतात. इथं त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण कागद घेऊन दवाखान्यात पळायला घरचं माणूस लागतं. ते कोण, हे जायच्या आधी ठरवा.

दुसरं रानाचं. आता पाच वर्षांनी तिथलं नागरिकत्व मागता येतं, जर्मनी दोन पासपोर्ट चालवून घेते पण भारत नाही. भारतीय पासपोर्ट सोडला की इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी. वारसानं आलेली राहते. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन भारतीय पासपोर्ट ठेवता येतो, बरेच जण तसंच करतात.

औसा_तालुका:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. आईवडिलांजवळ लहान भाऊ आहे, त्याच्याशी बोलतो. ताई, बायकोला आजच वाचून दाखवलं, ती म्हणाली मी पण क्लास लावते. परभणीकर दादा, एजंट दोन लाख मागायलाय, द्यावेत का?

परभणीकर_स्टुटगार्ट:
एक रुपया देऊ नका. जर्मन सरकारची ट्रिपल विन नावाची नर्स भरती आहे, त्यात नर्सकडून फी घेत नाहीत. तिथं किंवा थेट हॉस्पिटलांच्या जाहिरातींना अर्ज करा. आणि दोघांनी एकाच बॅचला क्लास लावा, घरात बोलायची सवय होते.