डोळ्याचं प्रेशर २५, पण डोळ्याची नस ठीक. थेंब आत्ताच सुरू करावेत का?

दांडियाबाजारकर
मंडळी, मदत हवी आहे. वय ५२, बडोद्यात राहते. चष्म्याचा नंबर काढायला गेले तर फुंकरीच्या मशीनवर प्रेशर २६ आणि २४ निघालं. मग डोळा बधिर करून निळ्या दिव्याच्या यंत्रावर पुन्हा मोजलं, तर २५ आणि २४. ओसीटी (नसेचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते) दोन्ही नॉर्मल.

पहिले डॉक्टर म्हणाले, "झामर (काचबिंदू) नथी, पण वाट कशाला बघायची? रोज रात्री एक थेंब, कायमचा." रावपुऱ्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेच रिपोर्ट पाहून सहा महिन्यांनी बोलावलं. दोघंही जुने, भरवशाचे. कोणाचं ऐकू?

माझ्या बाबांना काचबिंदू होता. मांडवीच्या गर्दीत बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसायची नाही, रिक्षावाले ओरडायचे. निदान झालं तोवर एका डोळ्याची बरीच नजर गेली होती, आणि ती परत येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मला दमाही आहे.

नानासाहेब
थांबा. एकदा थेंब चिकटले की जन्मभर सुटत नाहीत. नस ठीक आहे ना, मग औषध कशाचं?

नंबरवाला (ऑप्टोमेट्रिस्ट)
नाना, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

ताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी नाहीत आणि त्यांच्याशिवाय २५ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पहिली, कॉर्नियाची जाडी म्हणजे पॅकीमेट्री. जाड कॉर्नियावर यंत्र प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, पातळ कॉर्नियावर कमी. दुसरी, गोनिओस्कोपी. आरशाची काच डोळ्याला टेकवून डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा होण्याचा कोन उघडा आहे का ते बघतात. आपल्याकडे अरुंद कोनाचे पेशंट कमी नाहीत. तसं असलं तर हिशोबच बदलतो, बुबुळाला लेझरने बारीक छिद्र करायचं का हा प्रश्न आधी येतो, आणि सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा जपून घ्याव्या लागतात. खाली जे लिहितोय ते कोन उघडा आहे असं धरून.

अमेरिकेत ओएचटीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ साली आले. १६३६ माणसं, वय ४० ते ८०, एका डोळ्यात तरी प्रेशर २४ ते ३२, नस आणि फील्ड ठीक. म्हणजे तुमच्यासारखीच. निम्म्यांना थेंब, निम्म्यांची नुसती तपासणी. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्याहून खाली आला हे खरं. आणि काहीच न घेता शंभरातले नव्वद जण ठीक राहिले, हेही तितकंच खरं. तुमचे दोन डॉक्टर बहुधा याच आकड्याच्या दोन टोकांना उभे आहेत.

पण सगळ्यांचा धोका सारखा नव्हता. ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना ५८८ च्या वरच्यांपेक्षा सुमारे तिप्पट धोका. वय, प्रेशर आणि नसेतला खळगा किती मोठा आहे, हेही त्यात मिळवायचं. पुढे वाट पाहणाऱ्या गटालाही थेंब दिले. १३ वर्षांनी उशिरा सुरू केलेल्यांत २२ टक्के आणि आधीपासून घेणाऱ्यांत १६ टक्के काचबिंदू दिसला. ज्यांचा धोका मुळात कमी होता त्यांचं थांबल्याने फारसं बिघडलं नाही, जास्त धोकेवाल्यांना मात्र लवकर सुरू केल्याचा फायदा झाला. वडिलांचा काचबिंदू तुमच्याविरुद्ध जातो, हे मी लपवणार नाही.

आणि हो, दमा आहे तर टिमोलॉलचा थेंब अजिबात नाही. लिहून दिलेला थेंब कोणता आहे? स्टेरॉइडचं काही घेता का? इन्हेलर, नाकातला स्प्रे, मलम, काहीही?

लष्करवाली
मी ग्वाल्हेरची. प्रेशर उतरवायला लॅटानोप्रॉस्ट सुरू आहे, रात्री एकच थेंब. पापण्यांचे केस लांब झाले, सूनबाई हेवा करते. डोळे थोडे लाल राहतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून ठेवा, औषध घशात उतरत नाही. रोजची कटकट नको असेल तर एसएलटी लेझरबद्दल (प्रेशर उतरवायचं लेझर) विचारा. इंग्लंडमध्ये लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ पाऊण लोकांना तीन वर्षं थेंब लागलेच नाहीत, २०१९ साली छापून आलंय.

दांडियाबाजारकर
नंबरवाला, तुम्ही विचारलंत म्हणून फाइल उलगडून बसले. पॅकीमेट्री झालेली आहे, ५४१ आणि ५३८, पण त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. गोनिओस्कोपी कुठेच नाही. थेंब लॅटानोप्रॉस्टच आहे, अजून बाटली फोडली नाही. दम्याचा इन्हेलर स्टेरॉइडचा आहे. आणि पापण्यांना खाज येते म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम गेला हिवाळाभर लावतेय, त्यावर बीटामेथासोन लिहिलंय. त्यानेही प्रेशर वाढतं का?

नंबरवाला
वाढतं. पापणीवरचं स्टेरॉइड डोळ्यात उतरतं, आणि काही जणांचं प्रेशर त्याने चढतं. मलमाचं त्वचेच्या डॉक्टरांना आजच विचारा, पापणीसाठी स्टेरॉइड नसलेला पर्याय मिळतो. इन्हेलर मात्र मनाने बंद करू नका. मलम कारण असेल तर साधारण काही आठवड्यांत प्रेशर उतरायला हवं. तेव्हा पुन्हा मोजा, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला, आणि त्याच भेटीत गोनिओस्कोपी मागून घ्या. तरीही २५ च राहिलं तर ५४० ची कॉर्निया आणि बाबांचा इतिहास बघता मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूचा.

नानासाहेब
आणि मध्येच वाढलं तर?

नंबरवाला
तिशीच्या वर गेलं तर बहुतेक डॉक्टर थांबत नाहीत, मग नस कितीही छान दिसो. डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठायची.

दांडियाबाजारकर
बरं. सोमवारी आधी त्वचेचे डॉक्टर, मग रावपुरा. पॅकीमेट्रीच्या कागदाची झेरॉक्स दोघांना देते.