घरी गप्प बसणे हा उपाय नव्हे
‘शिक्षकाने घरीही राजकारणाचा विषय टाळावा, म्हणजे त्याची मुले शाळेत काही बोलणार नाहीत’ हे मत मला पटत नाही. माझी आठवीतली मुलगी माझ्याच शाळेत आहे. ‘आई, तू मत कुणाला दिलंस?’ असे तिने विचारले, तेव्हा मत गुप्त असते एवढे सांगून मी तिला सिडकोतल्या केंद्रावरचा माझा दिवस सांगितला, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधील, शिक्षकांना शिक्षणेतर कामे देण्यावरच्या बंदीतून निवडणुकीचे काम वगळलेले असल्याने ते आम्हा शिक्षकांकडे येतेच.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी पहाटे साडेपाचला, विधानसभेच्या मतदानाच्या दीड तास आधी, एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या उमेदवारांचे प्रतिनिधी एकाच बाकावर बसून अभिरूप मतदानाची (यंत्र नीट चालते का हे पाहण्यासाठीच्या चाचणी मतदानाची) मते पडताळत होते आणि एकाच थर्मासमधला चहा वाटून घेत होते. वर्गात पक्षावरून भांडण झाले, तेव्हा तिने हाच बाक मैत्रिणींना सांगितला.