शब्दचर्चा (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं): कुर्लीच्या श्वासाचा ताल की लय?

म्हापसा: खेकड्याच्या, म्हणजे आपल्या कुर्लीच्या, श्वसनावर मराठीत लिहितेय. ‘फीडबॅक’ला मी ‘प्रतिसाद’ लिहिलं, संपादकांनी ‘प्रत्याभरण’ केलं. वाचून बीएडचा तास आठवला! शिवाय श्वसनाचा ‘ताल’ लिहू की ‘लय’? मला दोन्ही सारखेच वाटतात.

फोंडा: सारखे कसे? भजनाला बसणाऱ्या कुणालाही विचारा. ताल म्हणजे मात्रांची बांधणी, लय म्हणजे तिचा वेग. खेकड्यात नेमकी हीच फोड आहे. कल्ल्यांच्या कप्प्यात दोन्ही बाजूंना एकेक चपटं वल्हं हलत असतं. ते पायांच्या बुडाकडून पाणी ओढतं आणि तोंडापाशी सोडतं. (मधूनच उलटं फिरून कल्ल्यांतला गाळ धुतं, पण ते असो.) मिनिटाला शंभरावरही ठोके होतात. कुठला स्नायू कधी ओढायचा हा क्रम छातीतल्या चेतागुच्छात, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, ठरतो. तो गुच्छ काढून वेगळा ठेवला, बाहेरून येणारी एकही खबर नसली, तरी क्रम चालूच राहतो. हा ताल.

मडगाव: मग खबर आणणारे तंतू हवेत कशाला?

फोंडा: लय आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) यांच्यासाठी. वल्ह्याच्या बुडाशी ताण जोखणारं एक अंडाकृती इंद्रिय असतं. वल्ह्याकडून येणाऱ्या संवेदी तंतूला विजेचा हलका झटका दिला की पुढची सम सरकते. लवकर येणार की उशिरा, हे झटका कुठल्या मात्रेवर बसला त्यावर. ठरावीक अंतराने झटके देत राहिलात तर वल्हं त्यांना धरून चालतं, घुमट वाजवणाऱ्याने आरती चढवली की सगळे चढतात तसं. फार लांबचा वेग मागितला तर मात्र सुटतं. त्या इंद्रियाची खबर तुटक ठोक्यांत नाही, विजेच्या चढत्या-उतरत्या दाबात जाते. मींडच म्हणा. हे प्रयोग बरेचसे युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या कार्सिनस खेकड्यावरचे, आपल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) कुर्लीवरचे नव्हेत. लेखात तसं लिहा.

मडगाव: मग फीडबॅकला ‘साथ’ का नको?

फोंडा: साथीदार वेगळा माणूस असतो. इथे वल्ह्याची खबर वल्हं चालवणाऱ्याकडेच जाते. ‘प्रतिसाद’ही नको, सादच कुणी घातलेली नाही. शीर्षकात ‘प्रत्याभरण’ राहू दे, मजकुरात ‘परतीची खबर’ लिहा. परतीचा पाऊस चालतो, मग खबर का नाही?

दिवाडी: मला ‘वल्हं’च खटकतंय. वल्ह्याने होडी पुढे जाते. कुर्ली त्याने तसूभर सरकत नाही, नुसतं पाणी बाहेर काढते. ‘स्कॅफोग्नॅथाइट’ या त्याच्या शास्त्रीय नावाच्या ग्रीक मुळात होडी आणि जबडा आहेत, तेव्हा होडी ठेवा, पण काम उपसण्याचं. बाजारात बांधलेल्या कुर्लीच्या तोंडाला फेस येतो ना? तोही हेच काम चालू असल्याने. उरलेल्या पाण्यात हवा मिसळते. ‘उपसणी’ म्हणा.

म्हापसा: ‘उपसणी’ घेतला. ताल चेतागुच्छाला, लय खबरेला. संपादक काय खोडतात ते कळवते.