तान्ह्या पोळ्यात जेसीबी आला म्हणून एवढा राग कशासाठी?

घाटउतार :
एका ज्येष्ठ गृहस्थांनी काल लिहिले, की त्यांच्या गावच्या तान्ह्या पोळ्यात, म्हणजे मुलांनी लाकडी बैल सजवून आणायच्या सणात, एका मुलाने लाकडी नंदीऐवजी खेळण्यातला जेसीबी झेंडूच्या फुलांनी सजवून आणला. अशा मुलाला बोजारा, म्हणजे त्या दिवशी मुलांना मिळणारी भेट, देऊ नये, असे त्यांनी सुचवले आणि ट्रक-टिपरचे वेड लागलेली मुले पुढे क्लीनरच होतात, अशी पुस्तीही जोडली. नंदीबद्दलचा त्यांचा आग्रह मी समजू शकतो. पण क्लीनरबद्दलचे ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले, कारण माझे वडील क्लीनर म्हणूनच गाडीवर चढले होते.

पुढे ड्रायव्हर झाल्यावर ते वरुडची संत्री दिल्लीला नेत असत आणि शाळेच्या सुट्टीत दोनदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. प्रत्येक थांब्यावर चहाच्या आधी ते हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरत आणि एकेका टायरवर ठोका देत. हवा पूर्ण असेल तर टॉमी उसळून परत येते आणि ठोका टणक वाजतो. जोडचाकातला आतला टायर बसला असेल तर आवाज दबका येतो. डोळ्यांना मात्र काहीच कळत नाही, कारण बाहेरचा टायर सगळे वजन एकटा पेलत उभा असतो. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांनी मला पहिल्याच फेरीत सांगितले होते. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली तर ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि ऐन वळणावर पाय रिकामा जातो. ही विद्या नव्हे तर काय आहे? आपल्याच भंडारा जिल्ह्यात गडेगावला ऐंशीच्या दशकापासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. तेथे नोकरी लागली तर गावभर पेढे वाटले जातात आणि तीच गाडी चालवणाऱ्याचे नाव निघाले की तोंड फिरवले जाते, हे मला पटत नाही.

पऱ्हाटी :
भाऊ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. पण तुम्ही हे सगळे केबिनमधून पाहिले आहे आणि आम्ही रस्त्याच्या कडेला राहून पाहतो. वणी तालुक्यात आमचे वावर कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि त्याच दिवसांत रस्त्यावरची धूळ सगळ्यात जास्त उडते. व्यापारी आमचा कापूस मुठीत घेऊन अंगठ्याने चोळतो आणि अंगठा काळा झाला की पुढे एक शब्द न बोलता भाव उतरवतो. वेचणाऱ्या बायका संध्याकाळी घरी जातात तेव्हा त्यांचे पदरही काळे झालेले असतात.

माझा चुलतभाऊ रात्री दुचाकीवरून येताना बंद पडलेल्या टिपरवर मागून आदळला आणि जागीच गेला. मागचे दिवे बंद होते, रेडियमची पट्टी चिखलाने झाकलेली होती आणि खूण म्हणून मागे फक्त बाभळीची एक फांदी टाकलेली होती. त्याच गाडीच्या कपाळावर रंगीत दिव्यांची माळ मात्र चालू होती. गाड्या सजवण्याची ही हौस मला तेव्हापासून बघवत नाही.

सावित्रीची लेक :
मी शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले आवाजावरून गाडी ओळखतात, म्हणून त्यांच्या आवडीला माझा मुळीच विरोध नाही. परंतु तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला असे आपल्याकडे सांगितले जाते, तो मुलांना बैलाचे ऋण कळावे म्हणून. यंत्राला दसऱ्याचा दिवस आहे. त्या दिवशी ट्रॅक्टरला हार घालतात, ट्रकसमोर नारळ फोडतात आणि त्याला कोणीही हरकत घेत नाही. वर्षातून एक दिवस बैलाचा राहू द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. त्या मुलाचा बोजारा मात्र नाकारू नये, कारण रुसलेले मूल पुढच्या वर्षी नंदीही आणणार नाही.

निवृत्त शाखा अभियंता :
खरा प्रश्न नंदीचाही नाही आणि हौसेचाही नाही, तो जास्त भरलेल्या गाडीचा आहे. आसावरचे, म्हणजे ॲक्सलवरचे, वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती साधारण सोळा पट होते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर गाड्या फिरवून हा हिशेब काढला गेला आणि आजही रस्त्याची जाडी ठरवताना तो वापरला जातो. त्यात 2018 मध्ये केंद्र सरकारने मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला पूर्वी 10.2 टन चालत असत, आता 11.5 टन चालतात, आणि त्यापूर्वी बांधलेले गावरस्ते मात्र तेच राहिले. पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा एकेरी रस्ता 3.75 मीटर रुंद असतो आणि ट्रक अडीच मीटरचा. समोरून बैलगाडी आली तर तिने चिखलात उतरायचे, हे गृहीतच धरलेले आहे. मी स्वतः बांधलेला एक रस्ता दोन पावसाळ्यांत उखडलेला पाहिला आणि त्या गावात मला आजही मान वर करून जाता येत नाही.

पोकलेनवाला :
साहेब, आपण हिशेब बरोबर सांगितला, पण गुन्हेगार चुकीचा पकडला. टिपर मी भरतो. किती बकेट टाकायच्या हे मी ठरवत नाही आणि ड्रायव्हरही ठरवत नाही. भाडे टनावर मिळते, गाडीचा हप्ता महिन्यावर असतो आणि वरची एक बकेट मालकाच्या शब्दावर पडते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड कायद्यात आहे, तरीही पकडल्यावर रात्रभर रस्त्यावर उभा राहतो तो ड्रायव्हर. मालक घरी झोपलेला असतो.

पऱ्हाटीभाऊ, तुमच्या चुलतभावाचे वाचून मला फार वाईट वाटले. पण आम्हा सगळ्यांना एकाच दोरीत बांधू नका. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याच्या केबिनमध्ये आम्हीच असतो. नव्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली ती 2025 मध्ये, जुन्या गाड्या तशाच तापत आहेत. मागच्या उन्हाळ्यात एका धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, नाला सरळ करताना मध्ये कडुनिंब आला. शेतकरी म्हणाला, पाडून टाक. मी बकेटचे दात आडवे धरून मुळांच्या कडेकडेने हात हात माती काढली आणि नाला झाडाला वळसा घालून नेला. त्याला डिझेल जास्त लागले आणि मालकाची बोलणीही मीच खाल्ली. त्या झाडाची सावली आता तोच शेतकरी वापरतो.

निवृत्त शाखा अभियंता :
ड्रायव्हरला दोष देणे चुकले, हे मी मान्य करतो. परंतु जास्त भरलेली गाडी चालवायला नकार देण्याचा अधिकार त्याला आहे, हेही आपण मान्य करावे.

पोकलेनवाला :
अधिकार कागदावर आहे, साहेब. नकार दिला की दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. आपण कधी रोजीवर काम केले असते तर हे वाक्य लिहिले नसते.

पऱ्हाटी :
कडुनिंबाचे वाचून मी थोडा वेळ काही लिहिले नाही. असे काम करणारा माणूस आमच्या रस्त्यावर मला अजून भेटलेला नाही, पण तो असू शकतो एवढे कबूल करतो. त्या मुलाला बोजारा द्यायला हवा, हेही कबूल. माझ्या कापसाचा काळा अंगठा मात्र यामुळे पुसला जात नाही. घाटउतारभाऊ, तुमच्या वडिलांनी टायरवर ठोके दिले, ते मागचे दिवेही पाहत असत का, एवढेच मला सांगा.

घाटउतार :
पाहत असत. अंधार पडण्याआधी मला गाडीमागे उभे करून ते ब्रेक दाबत आणि दोन्ही दिवे लागले का, हे माझ्याकडून ओरडून ऐकल्याशिवाय गाडी हलवत नसत. नंतर बादलीतले पाणी घेऊन मागच्या फळीवरचा चिखल मी धूत असे, कारण ते काम क्लीनरचे होते.