सीएफएसएसएल: साइनर स्थानिक की दूरस्थ, हे कोण ठरवते?

प्रश्न:
गो भाषेतील आमच्या सेवेत क्लाउडफ्लेअरचे सीएफएसएसएल (डिजिटल प्रमाणपत्रे तयार करून त्यांवर स्वाक्षरी करणारे साधन) वापरायचे आहे. काही प्रमाणपत्रांवर याच यंत्रावरील किल्लीने, तर काहींवर दुसऱ्या सर्व्हरवर स्वाक्षरी व्हावी, असे असेल तर दोन वेगळे साइनर (स्वाक्षरी करणारे घटक) आम्ही स्वतः निर्माण करावेत का?

प्रतिसाद १:
तशी गरज नाही. ‘युनिव्हर्सल’ पॅकेजमधील साइनर निर्माण होताना धोरण (स्वाक्षरीचे नियम सांगणारी मांडणी) वैध आहे का, हे तपासतो आणि त्यातील प्रोफाइल (नाव दिलेले नियमसंच) पाहून स्थानिक, दूरस्थ किंवा दोन्ही साइनर स्वतःच उभे करतो. पुढे ज्या प्रोफाइलमध्ये ‘रिमोट’, म्हणजे दूरस्थ सर्व्हर, नोंदलेला असेल, तिच्या विनंत्या त्या सर्व्हरकडे जातात. धोरणच न दिल्यास मूळ धोरण लागू होते, ज्यात प्रमाणपत्राची मुदत 8760 तास, म्हणजे एक वर्ष असते. माझ्या मते अंतर्गत सेवांसाठी ती फारच जास्त आहे.

प्रतिसाद २:
एक भर घालतो. केवळ स्थानिक साइनर थेट वापरत असाल, तर प्रोफाइलचे नाव चुकीचे लिहिले गेल्यास त्रुटी न येता ‘डिफॉल्ट’ प्रोफाइल लागू होते. म्हणून ‘डिफॉल्ट’मध्ये मुदत कमीत कमी ठेवावी आणि मध्यस्थ प्राधिकरणासाठी (मूळ प्राधिकरणाच्या वतीने इतरांना प्रमाणपत्रे देणाऱ्यासाठी) लागणारे ‘इज-सीए’ बंधन, म्हणजे या प्रमाणपत्राने इतर प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करता येते ही नोंद, तेथे न लिहिता स्वतंत्र प्रोफाइलमध्येच लिहावे.